शुभारंभाआधी गळालेली पदं: त्यांचा आवाज कसा शोधावा, ओळखावा आणि सांभाळावा

नाटक बसताना त्यात जितकी पदं असतात, तितकी शुभारंभाच्या प्रयोगाला क्वचितच उरतात. रंगीत तालमीत घड्याळ लावलं जातं, दुसरा अंक लांबतोय हे लक्षात येतं आणि दिग्दर्शक, निर्माता, संगीतकार एकत्र बसून एखादं पद उडवतात. तोवर गायक नटाने ते घोटून पाठ केलेलं असतं. ऑर्गनवाल्याच्या बोटांत चाल बसलेली असते, तबलजीने ठेका ठरवलेला असतो. प्रेक्षकांच्या कानावर मात्र ते कधीच पडत नाही. ध्वनिमुद्रिका निघतात त्या गाजलेल्या पदांच्या, त्यामुळे या पदाची तबकडीही निघत नाही. त्याचा आवाज कुठे उरलाच, तर तालमीत चालू ठेवलेल्या एखाद्या टेपवर उरतो.

असा आवाज शोधण्याचं काम नाशिकमध्ये बसून नीट करता येतं. वसंत कानेटकर आणि कुसुमाग्रज इथेच राहिले आणि इथेच लिहिते झाले. १९६४ चं ‘मत्स्यगंधा’ कानेटकरांचं, १९६६ चं ‘ययाति आणि देवयानी’ कुसुमाग्रजांचं, आणि दोन्हींचं संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं. शहराजवळचं भगूर हे सावरकरांचं जन्मगाव. त्यांचं ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ साली बलवंत संगीत मंडळीने केलं. पण मोठ्या नावांइतकीच महत्त्वाची आहेत ती राज्य नाट्य स्पर्धेसाठी संगीत नाटकं बसवणारी हौशी मंडळं. त्यांच्या नाटकांच्या तबकड्या कधी निघाल्याच नाहीत. जे काही उरलं आहे ते घराघरांतल्या कॅसेटांवर आहे, आणि कॅसेटचं आयुष्य फार नसतं.

या सगळ्या कामाचा कणा एकच. पद गाळलं गेल्याचा पुरावा कागदावर असतो आणि त्याचा आवाज टेपवर. कागद आणि टेप एकमेकांना जुळल्याशिवाय कुठल्याही ध्वनिमुद्रणावर ‘गाळलेलं पद’ अशी चिठ्ठी लावू नये. पुढची प्रत्येक पायरी या जुळणीसाठी आहे.

पहिली पायरी: कधी गळालं ते ठरवा

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. ‘शाकुंतला’त सुमारे दोनशे पदं होती आणि ‘सौभद्रा’त शंभरावर. आजच्या तीन तासांच्या प्रयोगात त्यांतली मोजकीच गायली जातात. बाकीची गळाली हे खरं, पण ती शुभारंभानंतर, कित्येक वर्षांत, हळूहळू गळाली. रात्रभर चालणारं नाटक आटोपशीर झालं तसतशी ती सुटत गेली. ती छापील पुस्तकात आहेत, जुन्या मंडळींनी गायली आहेत, काहींच्या तबकड्याही आहेत. आपण शोधतोय ती पदं वेगळी. ती तालमीत होती आणि पहिल्या प्रयोगाला नव्हती.

त्यात आणखी एक प्रश्न येतो: पहिला प्रयोग कुठला? ‘शारदा’ १८९९ साली प्रथम इंदूरला झालं आणि ‘एकच प्याला’ १९१९ साली बडोद्याला. पुण्यामुंबईचे प्रेक्षक नंतर आले. मधल्या मुक्कामांत पद बदललं असेल तर ते ‘शुभारंभाआधी’ गळालं असं म्हणता येत नाही. नोंदीत गावाचं नाव आणि तारीख हवीच. पहिल्याच प्रयोगात सगळे अंक झाले होते का, हेही पाहावं लागतं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतला’चे पहिले चारच अंक रंगमंचावर आले. पुढच्या अंकांतली पदं त्या रात्री झाली नाहीत, ती अंक उभे राहायचे होते म्हणून. त्यांना गाळलेली म्हणता येणार नाही.

तिसरा फरक नाजूक आहे. कधी शब्द तेच राहतात आणि चाल बदलते. संगीतकार बदलला, किंवा नटाला पहिली चाल पेलली नाही, की असं होतं. तेव्हा गळालेली गोष्ट म्हणजे चाल. पद उभंच आहे. अशा टेपची नोंद स्वतंत्र ठेवा. मला स्वतःला या टेप सर्वांत मोलाच्या वाटतात, कारण संगीतकाराचा पहिला विचार त्यांत ऐकू येतो.

न्यूयॉर्कमध्ये हे कसं झालं

ब्रॉडवेच्या संगीत नाटकांत गाणी कापण्याची पद्धत इतकी रुळलेली होती की तिच्याभोवती ध्वनिमुद्रणांचा एक स्वतंत्र प्रवाह उभा राहिला. नाटक आधी बॉस्टन, फिलाडेल्फिया, न्यू हेवन अशा गावांत चाचणीला लावायचं, प्रेक्षक पाहून गाणी उडवायची किंवा नवी घालायची, आणि मग न्यूयॉर्कला उघडायचं. नटसंचाचा अल्बम शुभारंभानंतर लगेच मुद्रित व्हायचा, त्यामुळे गळालेलं गाणं त्यात येत नसे. जॉर्ज गर्श्विनचं ‘द मॅन आय लव्ह’ १९२४ च्या ‘लेडी, बी गुड!’मधून फिलाडेल्फियाच्या चाचणीत निघालं आणि पुढे स्वतंत्र गाणं म्हणून जगभर गेलं. जेरोम कर्नचं ‘बिल’ १९१८ च्या एका नाटकातून गळालं होतं. १९२७ साली शब्दांत थोडा फेरफार होऊन ते ‘शो बोट’मध्ये आलं आणि तिथे कायमचं बसलं.

१९८२ साली न्यू जर्सीतल्या सिकॉकसच्या एका गोदामात गर्श्विन, कर्न, कोल पोर्टर यांच्या नाटकांची हस्तलिखितं आणि वाद्यवृंदाचे कागद खोकी भरून सापडले. १९८८ साली संगीत-संचालक जॉन मॅकग्लिनने ‘शो बोट’चं तीन सीडींचं ध्वनिमुद्रण केलं, त्यात शुभारंभाआधी गळालेली गाणीही परिशिष्टासारखी गायली गेली. १९९४ पासून ‘लॉस्ट इन बॉस्टन’ नावाची मालिका निघाली. त्या चाचणीच्या गावांत हरवलेली गाणी त्यात नव्याने मुद्रित झाली.

यातून आपल्या उपयोगाचं एवढंच घ्यायचं: जुनं ध्वनिमुद्रण आणि कागदावरून नव्याने केलेलं ध्वनिमुद्रण, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि ऐकणाऱ्याला त्यातलं आपण काय ऐकतोय हे पहिल्या ओळीतच कळलं पाहिजे.

दुसरी पायरी: कागद गोळा करा

टेपच्या मागे लागण्याआधी नाटकाची जितकी रूपं कागदावर मिळतील तितकी एकत्र करा. साधारण पाच प्रकारचे कागद मिळतात.

छापील नाटक सर्वांत सोपं. टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० ची; जुन्या आवृत्त्यांसाठी सुरुवात तिथूनच करावी. पहिली आवृत्ती पाहा, नंतरची चालणार नाही. जुन्या पुस्तकांत प्रत्येक पदावर राग, ताल आणि ‘चाल’ छापलेली असते, म्हणजे कुठल्या आधीच्या गाण्यावर ते बेतलं आहे ते. टेप सापडली नाही तरी या एका ओळीवरून गळालेलं पद पुन्हा गाता येतं, म्हणून ती ओळ आठवणीने टिपून घ्या.

दुसरा प्रकार पदांच्या पुस्तिकेचा. नाटक मंडळ्या कथासार आणि पदं छापून नाट्यगृहावर विकत. पुस्तिका प्रयोगाच्या वेळी विकण्यासाठी छापलेली असल्याने, तिच्यात नसलेलं आणि संहितेत असलेलं पद हा पहिला धागा. मात्र पुस्तिका आठवडाभर आधी छापून झालेली असू शकते. म्हणून उलटं गृहीत धरू नये. पुस्तिकेत पद आहे म्हणजे ते गायलं गेलंच, असं होत नाही.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे प्रॉम्प्टरची प्रत. कार्बन कॉपी किंवा सायक्लोस्टाइल केलेली, कडा दुमडलेली, पेन्सिलच्या खुणांनी भरलेली. पदावर मारलेली फुली, समासातलं ‘काढले’, कधी तारीख, कधी त्या जागी चिकटवलेला नव्या संवादाचा कागद. मोबाइलवर फोटो काढताना पान उजेडासमोर धरूनही एक फोटो घ्या, कारण चिकटवलेल्या कागदाखालचा मजकूर पाठीमागून प्रकाश आला की दिसतो. चिकटवलेलं काही उकलायचं नाही.

चौथी प्रत परिनिरीक्षणाची. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, द्यावी लागते. ती देताना तालमी चालू असतात. म्हणून शिक्का असलेली ही प्रत म्हणजे नाटक शुभारंभाआधी कसं होतं याचा कागदोपत्री पुरावा. निर्मात्याच्या किंवा मंडळाच्या फायलीत तिची प्रत बहुधा सापडते. स्पर्धेच्या नाटकांबाबत प्रवेशिकेसोबत दिलेली संहिताही अशीच उपयोगी पडते.

पाचवं, वर्तमानपत्रं. ‘गावकरी’, ‘देशदूत’ यांच्या जुन्या फायलींत स्पर्धेच्या नाटकांची परीक्षणं येत. परीक्षक पदांची नावं घेतात, कुठलं रंगलं आणि कुठलं पडलं ते लिहितात. जुन्या काळासाठी मुक्कामाच्या गावची पत्रं पाहावी लागतात. नाशिकही असंच मुक्कामाचं गाव होतं. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा तिथे किर्लोस्कर मंडळींचं ‘शारदा’ लागलं होतं. अशा मुक्कामांतच मंडळींचे कागद, पुस्तिका, कधी वाद्यंही गावातल्या स्नेह्यांकडे राहून गेली. जुन्या नाशिकातल्या वाड्यांत विचारपूस करताना हे ध्यानात ठेवा.

हे कागद मिळाले की एक तक्ता करा. आडव्या ओळीत पदं, उभ्या रकान्यांत कागद. ज्या पदासमोर पहिले रकाने भरलेले आणि शुभारंभाचे रकाने रिकामे, ते आपलं पद.

तिसरी पायरी: माणसांना भेटा

टेप कुणाकडे असते? नायक-नायिकेकडे क्वचित. ती असते संगीतकाराकडे, ऑर्गन किंवा हार्मोनियमच्या साथीदाराकडे, तबलजीकडे, आणि मंडळाच्या त्या एका माणसाकडे ज्याच्याजवळ तेव्हा टेपरेकॉर्डर होता. संगीतकार तालमीआधी चाल स्वतः गाऊन टेप करून देत असत, म्हणजे नटाला घरी बसून घोकता यावी. त्यामुळे गळालेल्या पदाच्या टेपवर बहुधा संगीतकाराचाच आवाज असतो, सोबत पेटी, आणि ठेका कधी टेबलावर धरलेला. ‘हा नटाचा आवाज नाही’ म्हणून अशी टेप बाजूला टाकू नका.

भेटायला जाताना संहितेची छायाप्रत न्या. ‘गाळलेली पदं आठवतात का?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘नाही बुवा’ म्हणतात, कारण त्यांच्या डोक्यात ते पद गाळलेलं म्हणून नोंदलेलंच नसतं. प्रवेशावरून विचारा. ‘काका, दुसऱ्या अंकाच्या शेवटी पडदा पडायच्या आधी पहिल्यांदा काय बसवलं होतं?’ ‘ताई, त्या प्रवेशात तुम्ही आधी उभ्या होतात की बसलेल्या? मग हातवारे कशावर होते?’ शरीराला आठवतं तिथून पद परत येतं. साथीदार असतील तर समोर पेटी ठेवा आणि आधीचं, न गळालेलं पद वाजवायची विनंती करा. तालमीत ज्या क्रमाने वाजत असे त्याच क्रमाने बोटं पुढे जातात, आणि बऱ्याचदा मधलं हरवलेलं पद तिथेच सापडतं.

हे बोलणंही मुद्रित करा, परवानगी घेऊन. वय झालेल्या माणसाने तुटक-तुटक गुणगुणलेली चाल हीही त्या पदाची ध्वनिमुद्रणाची प्रतच असते. पंखा बंद करा, मोबाइल उशीवर किंवा दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा म्हणजे टेबलाचा आवाज येत नाही, आणि बोलण्याच्या सुरुवातीला नाव, तारीख, गाव स्वतः उच्चारा.

पद का गळालं हे जरूर विचारा, कारण पुरावा कुठे शोधायचा हे त्या उत्तरावरून ठरतं. लांबीमुळे गळालं असेल तर संहितेत फुली मिळेल. नट बदलला असेल तर टेपचा सूर वेगळा असेल. प्रवेशच काढला असेल तर पदात अशा पात्राचा उल्लेख येईल जे छापील नाटकात नाही. आक्षेप आला असेल तर शिक्क्याच्या प्रतीवर लाल रेघ सापडेल.

चौथी पायरी: टेप हाती आल्यावर लगेच वाजवू नका

सर्वाधिक नुकसान पहिल्या पाच मिनिटांत होतं. आधी पाहा, वास घ्या, मग ठरवा.

कॅसेट असेल तर वरच्या कडेच्या दोन्ही पट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर मुद्रण होणार नाही. खिडकीतून आतली फेल्टची छोटी गादी जागेवर आहे का पाहा. ती पडली असेल तर आवाज दबका येतो, आणि पुष्कळ लोक टेप गेली असं समजून ती फेकतात. पाच स्क्रूंच्या चांगल्या कॅसेटचं कवच उघडून जुनी टेप त्यात बसवता येते. सी-१२० ची, म्हणजे दोन तासांची, टेप फार पातळ असते, ती पुढे-मागे पळवू नका.

गोल चकतीची स्पूल टेप असेल तर ती उजेडासमोर धरा. गुंडाळीतून प्रकाश आरपार येत असेल तर ती ॲसिटेटची. येत नसेल तर बहुधा पॉलिएस्टरची. ॲसिटेट ठिसूळ होते आणि स्वच्छ तुटते, ते तुकडे जोडता येतात. पॉलिएस्टर तुटण्याआधी ताणली जाते आणि ताणलेला भाग परत येत नाही. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट विघटत आहे. ती टेप इतरांपासून वेगळी ठेवा आणि सर्वांत आधी तिचं रूपांतर करा.

पांढरी-करडी बुरशी दिसली तर टेप यंत्रावर चढवायचीच नाही. नाशिकच्या पावसाळ्यात बंद लोखंडी कपाटात हे हमखास होतं. कोरड्या, थंड, हवेशीर खोलीत ठेवून बुरशी सुकू द्या, मग मऊ कोरड्या कापडाने पुसायची, तीही मास्क लावून आणि घराबाहेर. उन्हात कधीच टाकू नका.

१९७० नंतरच्या काही टेपा वाजवताना किंचाळतात आणि हेडवर, म्हणजे यंत्राच्या टेप वाचणाऱ्या भागावर, तपकिरी चिकट थर सोडतात. त्या टेपचं बंधक द्रव्य ओलावा शोषून चिकट झालेलं असतं. प्रयोगशाळेच्या नियंत्रित भट्टीत सुमारे ५४ अंश सेल्सियसला काही तास ठेवल्यावर अशी टेप तात्पुरती वाजण्याजोगी होते. घरच्या ओव्हनमध्ये हे करू नका, आणि ॲसिटेटवर तर कुणीच करू नये.

क्वचित ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी समोर येते. तिला जाड सुई लागते, सुमारे ३ मिल म्हणजे ७५ मायक्रॉनची. एलपीची सुई त्या खोबणीच्या तळाला घासते. लेबल कोरं किंवा हाताने लिहिलेलं असेल तर ती विक्रीला न आलेली चाचणी तबकडी असू शकते. लेबलाजवळच्या कोऱ्या पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक तिरप्या प्रकाशात वाचून लिहून घ्या. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्समधले जाणकार अशा क्रमांकांवरून बरंच सांगू शकतात. फार जुन्या काळाची आशा मात्र धरू नये. भारतात ध्वनिमुद्रणं सुरू झाली १९०२ साली, आणि किर्लोस्कर मंडळींचे गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्येच गेले. त्यांच्या नाटकांतून गळालेलंच काय, गाजलेलं पदही त्यांच्या आवाजात मिळणार नाही.

पाचवी पायरी: वेग आणि सूर जुळवा

घरगुती टेपरेकॉर्डरवर साधारण दोन वेग असत, सेकंदाला ३¾ इंच आणि ७½ इंच. १२०० फुटांची सात इंची चकती ३¾ च्या वेगाने एका बाजूला सुमारे ६४ मिनिटं चालते. दुप्पट-निम्म्याचा फरक ऐकताच कळतो. अवघड असतो तो चार-सहा टक्क्यांचा फरक, आणि नाट्यपदाच्या बाबतीत तोच निर्णायक. वेग सहा टक्के वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो: पेटीच्या काळी चार पट्टीतली गायिका शेजारच्या पांढऱ्या सहावर गेल्यासारखी वाटते, आणि ‘ही टेप दुसऱ्या गायिकेची’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

यावर तीन ताळे आहेत. पहिला, विजेची घरघर. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. विजेवर चालणाऱ्या रेकॉर्डरने केलेल्या मुद्रणात ती घरघर बारीक उमटलेली असते. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शांत जागेचा स्पेक्ट्रम काढा. शिखर ४७.२ ला दिसलं तर टेप अर्धा स्वर खाली चालते आहे. त्या प्रमाणात वेग वाढवा. तुमच्या आजच्या यंत्राचीही घरघर ५० वर येते, म्हणून टेप थांबवून एकदा तपासून घ्या. दुसरा ताळा पेटीचा. त्याच टेपवर त्याच पेटीवर वाजलेलं आणि पुढे तबकडीवर आलेलं पद असेल तर दोन्हींचा षड्ज ताडून पाहा. तिसरा ताळा माणसांचा. ‘तुम्ही तेव्हा कुठल्या पट्टीत गात होतात?’ या प्रश्नाचं उत्तर गायक बहुधा अचूक देतात.

बॅटरीवरच्या रेकॉर्डरने मुद्रण करताना बॅटरी उतरत गेली असेल, तर आज वाजवताना सूर पदाच्या शेवटाकडे चढत जातो. तिथे एक वेग धरून चालत नाही, तुकड्या-तुकड्याने दुरुस्ती करावी लागते. ही दुरुस्ती नेहमी प्रतीवर करायची.

वाजवताना गाणं उलटं ऐकू आलं तर घाबरू नका. टेपच्या अर्ध्या रुंदीवर एक बाजू आणि उरलेल्या अर्ध्यावर दुसरी मुद्रित असते, आणि तुमच्या यंत्राचं हेड दोन्ही एकदम वाचतं आहे. त्या चॅनेलची फाइल सॉफ्टवेअरमध्ये उलटवली की पद सरळ होतं.

सहावी पायरी: रूपांतर

यंत्र चांगल्या स्थितीतलं डेक किंवा स्पूल प्लेअर हवं. यूएसबी लावलेले स्वस्त कॅसेट प्लेअर या कामाला घेऊ नका. त्यांचा वेग डुलतो. हेड आणि धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर पुसा, तेही प्रत्येक टेपआधी. कॅसेट डेकच्या हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. तो अगदी किंचित फिरवत, पेटीचा आणि ‘स’, ‘श’चा आवाज सर्वांत तेज होतो तिथे थांबा. जुन्या टेपांचा दबका आवाज या एका गोष्टीने इतका उघडतो की ऐकणारे चकित होतात.

डेकचा लाइन आउट ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे आवाज संगणकात नेणाऱ्या डबीला, जोडा. लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात वायर घालू नका. मुद्रणाची मापं: ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. स्टिरिओमध्ये तासाला सुमारे २ जीबी जागा लागते. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठी तान उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात घ्या. मधली शांतता, खोकला, ‘हं, पुन्हा एकदा घेऊ’, ‘हे आता नाहीये, पुढचं घ्या’, सगळं राहू द्या. पद गळाल्याचा सर्वांत पक्का पुरावा कित्येकदा अशा एखाद्या बोललेल्या वाक्यात मिळतो, आणि ‘फक्त गाणं ठेवू’ म्हणून कापणाऱ्यांनी तो कायमचा घालवलेला असतो.

मूळ फाइलवर खरखर काढणं, घुमारा घालणं, काहीही करू नका. ऐकवण्यासाठी वेगळी प्रत काढून तिच्यावर हवं ते करा, तेही हलक्या हाताने. आवाज स्वच्छ करणाऱ्या साधनांना पेटीच्या भात्याचा श्वास आणि खरखर यांतला फरक कळत नाही.

सातवी पायरी: नोंद

टेपवरची चिठ्ठी जशीच्या तशी उतरवा, चुकीची वाटली तरी. खोक्याचे, दोन्ही बाजूंचे, आतल्या चिठोऱ्यांचे फोटो काढा. नोंदीत नाटक, अंक-प्रवेश, पदाची पहिली ओळ, राग-ताल, कोण गातंय, साथ कुणाची, टेप कुणाकडून मिळाली, वेग किती आणि किती बदलला, हे सगळं यावं. मग निर्णय तीन शब्दांपैकी एकात लिहा. संहितेत आहे, शुभारंभाच्या कागदांत नाही आणि टेपवर किंवा साक्षीत त्याला दुजोरा आहे, तर ‘निश्चित’. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तर ‘बहुधा’. एकच असेल तर ‘शक्य’. ‘शक्य’ला ‘निश्चित’ म्हणण्याचा मोह अनावर असतो, विशेषतः आवाज सुंदर असला की. पण पुढचा अभ्यासक तुमच्या शब्दावर विसंबणार आहे.

फाइलींच्या तीन प्रती ठेवा, निदान दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक नाशिकबाहेर. २०१६ आणि २०१९ च्या गोदावरीच्या पुरांत सराफ बाजार, भांडी बाजार, पंचवटीचा घाटाकडचा भाग पाण्याखाली गेला होता. त्या भागात तळमजल्यावर टेपा असतील तर आजच वरच्या मजल्यावर न्या. स्पीकर, इन्व्हर्टर यांच्याजवळ टेप ठेवू नये. टेप उभी ठेवायची, पुस्तकासारखी.

आठवी पायरी: हक्क

इंटरनेटवर टाकण्याआधी थांबा. भारतीय कायद्यानुसार लेखक आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. सावरकर १९६६ साली गेले, म्हणजे त्यांचा हक्क २०२६ अखेरपर्यंत. अभिषेकी १९९८, म्हणजे २०५८. कुसुमाग्रज १९९९, म्हणजे २०५९. कानेटकर २०००, म्हणजे २०६०. गाळलेल्या पदाबाबत मात्र एक खास अडचण आहे. जे पद लेखकाच्या हयातीत छापलंही गेलं नाही आणि जाहीरपणे गायलंही गेलं नाही, त्याची ६० वर्षं मृत्यूपासून मोजली जात नाहीत. ते प्रथम प्रकाशित होतं, किंवा प्रथम जाहीर सादर होतं, त्याच्या पुढच्या वर्षापासून ती सुरू होतात. म्हणजे नाटक मोकळं झालेलं असलं तरी त्यातलं अप्रकाशित गळालेलं पद मोकळं नसू शकतं. गायक-वादकांचा सादरीकरणाचा हक्क ५० वर्षांचा असतो तो वेगळा.

व्यवहारात सरळ मार्ग हा: लेखकाचे वारस, संगीतकाराचे वारस, टेप करवून घेणारे आणि गाणारे, या चौघांकडून साध्या कागदावर लेखी संमती. तीत तीन परवानग्या वेगवेगळ्या मागा: जतन करण्याची, अभ्यासकांना ऐकवण्याची, जाहीर प्रसिद्ध करण्याची. पुष्कळ कुटुंबं पहिल्या दोन आनंदाने देतात आणि तिसरीला वेळ मागतात. तो द्या. मूळ टेप त्यांना परत करा, सोबत पेनड्राइव्ह आणि एक एमपी थ्री प्रत, जी घरातल्या वडीलधाऱ्यांना मोबाइलवर वाजवता येईल.

शेवटी, पुन्हा गायचं असेल तर

सगळ्या संमती मिळाल्या की पद पुन्हा गायलं जावं असं मला मनापासून वाटतं. साईखेडकर नाट्यगृह, कालिदास कलामंदिर किंवा कुसुमाग्रज स्मारकात अशी छोटी बैठक सहज होऊ शकते. पद सुटं गाऊ नका. आधीचा संवाद, मग पद, आणि नंतर ते जिथे नव्हतं तो प्रवेश, जसा शुभारंभाला झाला तसा. मगच पद का काढलं असेल ते प्रेक्षकांना उमगतं, आणि कधी कधी ते काढायला नको होतं हेही. निवेदकाने हे तालमीच्या टेपवरून बसवलंय की छापील चालीवरून, ते आधी सांगावं. ऑर्गन मिळाला तर उत्तम, नाहीतर पायपेटी, कीबोर्ड नको. आणि हे सादरीकरणही ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला मुद्रित करून, त्याच नोंदवहीत, मूळ टेपच्या खालच्या ओळीत ‘नवे सादरीकरण’ असं लिहून लावा.